प्रशिक्षणक्रम चार देशांचे चमू मिळून आखणार असतील, तर कामाची वाटणी कशी करावी?

निळी शाई (धागालेखन)

पिण्याच्या पाण्याची जागेवर जाऊन तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी एक प्रशिक्षणक्रम तयार करावयाचा आहे. चार देशांतील चार संस्था मिळून हे काम करणार आहेत आणि त्यांपैकी एका संस्थेच्या वतीने समन्वय माझ्याकडे आहे. पहिल्याच बैठकीत कामाची वाटणी झाली. नमुने घेण्याचा भाग एका चमूने लिहावा, रासायनिक चाचण्यांचा दुसऱ्याने, जिवाणूंच्या चाचणीचा तिसऱ्याने आणि नोंदी व अहवाल यांचा चौथ्याने, असे ठरले. वाटा सर्वांना सारखाच आल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही आणि बैठक वेळेआधीच आटोपली.

मला मात्र ही सोय पुढे महागात पडेल असे वाटते. प्रत्येक चमू आपल्याच देशातील कर्मचारी डोळ्यांसमोर ठेवून लिहिणार. एका देशात हे काम करणारी व्यक्ती रसायनशास्त्राची पदवीधर असते, तर दुसऱ्या देशात तिचे शालेय शिक्षणही पुरते झालेले नसते, पण पंप, टाकी आणि जलवाहिन्या यांची तिला खडानखडा माहिती असते. या दोघांना पुरेल असा एकच पाठ लिहिता येतो का, की प्रत्येक देशाने आपला पाठ वेगळा लिहावा आणि नाव तेवढे सामाईक ठेवावे? अशा कामाचा अनुभव असलेल्यांनी वाटणीविषयी, आणि ओघाने बैठका, भाषा व हक्क यांविषयीही, सविस्तर लिहावे. ‘परस्परसंवाद वाढवा’ हा सल्ला कृपया नको. तो आम्ही एकमेकांना रोज देत आहोत.

मधला बाक

आपली शंका रास्त आहे. पाठांनुसार केलेली वाटणी दिसायला न्याय्य असते, परंतु तिच्यामुळे दोन पाठांच्या सीमेवर जे पडते ते कोणाच्याच वाट्याला येत नाही आणि घोटाळे नेमके तेथेच होतात.

आपल्याच विषयातील उदाहरण घेऊ. रासायनिक चाचणीसाठी नमुना घेताना बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळून घ्यावी, असे सामान्यतः शिकवले जाते. जिवाणूंच्या चाचणीची बाटली मात्र निर्जंतुक केलेली असते, आणि पाण्यात क्लोरीन असेल तर त्या बाटलीत आधीच थोडे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, म्हणजे बाटलीतील क्लोरीन तत्काळ निष्प्रभ होते आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत नमुन्यातील जिवाणू मरत नाहीत. ही बाटली विसळली की थायोसल्फेट वाहून जाते आणि दूषित पाण्याचा अहवालही स्वच्छ येऊ शकतो. आता नमुने घेण्याचा पाठ लिहिणारा चमू रासायनिक तपासणीला सरावलेला असेल, तर तो सरसकट ‘बाटली विसळून घ्या’ असे लिहील, आणि दोन पाठ पुढे जिवाणूंवर लिहिणारा चमू ‘बाटली विसळू नका’ असे बजावेल. दोन्ही वाक्ये आपापल्या जागी बरोबर आहेत. पण हा विरोध संपादकालाही शेवटच्या जोडणीपर्यंत दिसत नाही, कारण तोवर प्रत्येक पाठ स्वतंत्रपणे तपासला जात असतो.

नळाच्या तोंडाचेही तसेच. धातूचा नळ ज्योतीने तापवून निर्जंतुक करता येतो, प्लास्टिकचा नळ त्याने वितळतो. तेथे अल्कोहोलने किंवा सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पुसून घ्यावे लागते. ज्या देशातील नळ बहुतांशी धातूचे आहेत, तेथील लेखकाला ही शंका येण्याचे कारणच नाही.

म्हणून माझे मत असे की पाठांची वाटणी तूर्त बाजूला ठेवावी आणि चारही चमूंनी मिळून सर्वांत आधी शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा लिहावी. अपेक्षित फलित आणि त्याचा पुरावा आधी ठरवून मग पाठांकडे वळण्याची ही उलट दिशेची आखणी ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी १९९८ मध्ये शालेय शिक्षणाच्या संदर्भात मांडली, पण तिचा खरा उपयोग मला आंतरराष्ट्रीय कामात दिसतो. अनोळखी चमूंना ‘पाण्याच्या गुणवत्तेचे आकलन होणे’ या उद्दिष्टावर पाच मिनिटांत एकमत करता येते, कारण त्यात मतभेद व्हावा असे काहीच नसते. उलट ‘समोरच्या नळाचा नमुना घ्या, मुक्त क्लोरीन मोजा, जिवाणू चाचणीसाठी बाटली भरून शीतपेटीत ठेवा आणि नोंदपत्रक पूर्ण करा’ अशी परीक्षा लिहू लागताच प्रश्न पुढे येतात. क्लोरीन असलेल्या पाण्याला गुलाबी करणारी डीपीडी गोळी विरघळल्यावर ती छटा कोणत्या प्रकाशात आणि किती वेळात वाचायची? उशीर झाला तर संयुक्त क्लोरीनही, म्हणजे पाण्यातील इतर पदार्थांशी जोडला गेलेला क्लोरीनही, रंग देऊ लागतो आणि आकडा फुगतो. मग उशीर केल्याबद्दल गुण कापायचे की परीक्षार्थ्याला अनुत्तीर्ण ठरवायचे? नोंदपत्रकावर वेळ लिहिली नाही तर काय? या प्रश्नांवरून होणारे वाद हे चमूंमधील खरे मतभेद असतात आणि ते लेखन सुरू होण्याआधी झालेले बरे.

परीक्षा तयार झाली की एका प्रशिक्षणार्थ्याचे चित्रीकरण करावे आणि ते चारही देशांतील परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता तपासावे. ज्या ओळीवर गुणांत मोठी तफावत पडेल, ती ओळ पुन्हा लिहावी. यास दोन-तीन आठवडे लागतील. तेवढा वेळ देण्याची प्रायोजकांची तयारी नसते, हे मला ठाऊक आहे.

उलट टपाल

वरील प्रतिसाद पटला, तरी तो थोडा आदर्शवादी वाटतो. अनेक प्रकल्पांत वाटणी चमूंच्या हाती राहतच नाही. ती निधीच्या अर्जातच ठरून जाते. युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस या शिक्षण-प्रशिक्षणाच्या योजनेतील सहकार्य भागीदारीचेच पाहा. त्यात किमान तीन देशांतील तीन संस्था असाव्या लागतात, २०२२ पासून १,२०,०००, २,५०,००० किंवा ४,००,००० युरो अशा ठोक रकमांपैकी एक निवडून अर्ज करावा लागतो आणि ती रक्कम कार्यगटांमध्ये, म्हणजे कामाच्या स्वतंत्र भागांमध्ये, विभागून दाखवावी लागते. अर्ज लिहिणारा माणूस मुदतीच्या आदल्या रात्री ‘पाठ २ – अमुक संस्था’ असे लिहून मोकळा होतो, आणि ज्यांना पुढे काम करायचे असते त्यांना ते बांधून घेते.

दुसरे असे की, चौघांनी मिळून सगळेच करायचे ठरवले की दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो. मला असे मसुदे माहीत आहेत ज्यांवर चार देशांतील डझनभर लोकांनी शेरे लिहिले, पण शेऱ्यांचा निवाडा करण्याचा अधिकार कोणालाच दिलेला नव्हता. त्यामुळे तो मसुदा महिनोन्‌महिने ‘जवळपास पूर्ण’ याच अवस्थेत होता.

तेव्हा वाटणी हवीच. फक्त ती पाठांची नसावी, कामाच्या प्रकारांची असावी. परीक्षा आणि निकष एका संस्थेकडे, लेखन व संपादन दुसरीकडे, प्रायोगिक वर्ग तिसरीकडे, तांत्रिक मांडणी व भाषांतर चौथीकडे. अशी विभागणी अर्जातही लिहिता येते आणि प्रत्येक पाठ आपोआप चारही संस्थांच्या हातांखालून जातो.

मधला बाक

कार्यगट कामाच्या प्रकारांनुसार करण्याची सूचना मला मान्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की, प्रत्येक पाठाला एकच जबाबदार लेखक असावा आणि त्याचा तपासनीस दुसऱ्या देशातील असावा. तपासनिसाने भाषा सुधारू नये. ‘माझ्या देशात हे करता येईल का’ या एकाच दृष्टीने पाठ वाचावा आणि येणार नसेल तर का नाही, ते लिहावे.

दुसरी घंटा

बैठकांविषयी लिहितो, कारण याच बाबतीत अनुभवी लोकही फसतात. वेगवेगळ्या देशांतील वेळा सांभाळणे म्हणजे एकदा तक्ता करून भिंतीवर लावणे, असा समज असतो. तो तक्ता वर्षभर खरा राहत नाही. उत्तर अमेरिकेत, म्हणजे अमेरिका आणि कॅनडाच्या बहुतेक भागांत, मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे पुढे जातात, तर युरोपीय संघात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे दोहोंमधील नेहमीचे अंतर एका तासाने बदललेले असते. शरद ऋतूत युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते, म्हणून आणखी एक आठवडा गोंधळाचा. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील राज्यांत सगळे उलट: एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळे मागे, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे. भारत आणि नेपाळ हे घड्याळ बदलतच नाहीत, पण जागतिक प्रमाणवेळेपासून एक साडेपाच तासांवर आणि दुसरा पावणेसहा तासांवर असल्यामुळे पूर्ण तासांत हिशेब करणारे हमखास चुकतात. बैठकीची वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत जाहीर करावी आणि तारखेत महिना अक्षरी लिहावा. ०४/०५ ही तारीख काही ठिकाणी ४ मे असते, तर काही ठिकाणी ५ एप्रिल.

गैरसोयीची वेळ आळीपाळीने सर्वांच्या वाट्याला यावी, हे तर सांगायलाच नको. तरीही समन्वयक संस्थेची कचेरीची वेळ हीच ‘सर्वांना सोयीची वेळ’ ठरत असल्याचे वारंवार दिसते, आणि जो चमू रात्री अकराला बसतो तो हळूहळू बोलेनासा होतो. त्याच्या मौनाला मग संमती समजले जाते.

यावरूनच आणखी एक मुद्दा. ‘पाच दिवसांत हरकत न आल्यास मसुदा मान्य समजावा’ हा नियम कार्यक्षम वाटतो, परंतु साप्ताहिक सुट्टी सर्वत्र शनिवार-रविवार नसते, वार्षिक सुट्ट्या वेगळ्या असतात, आणि काही कचेऱ्यांमध्ये वरिष्ठांनी पाहिल्याशिवाय बाहेर लेखी मत देण्याची पद्धत नसते. महत्त्वाच्या मसुद्यांसाठी तरी स्पष्ट होकार मागावा. निर्णयांची एक स्वतंत्र वही ठेवावी: निर्णय कोणता, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणासाठी आणि कोणता पर्याय नाकारून. इतिवृत्तात हे सगळे विखुरलेले असते. नवा सदस्य आल्यावर जुनेच वाद पुन्हा उकरले जातात, ते नाकारलेला पर्याय कोठेच लिहिलेला नसतो म्हणून.

पाटीपेन्सिल

धागालेखकांच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे दोन अगदी वेगळ्या प्रशिक्षणार्थ्यांना एकच पाठ पुरेल का, याकडे वळतो. हा प्रश्न काही क्षेत्रांनी फार पूर्वी हाताळला आहे. खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९७८ मध्ये झाला, १९८४ मध्ये अमलात आला आणि पुढे १९९५ व २०१० मध्ये त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. त्याच्या अंमलबजावणीला मदत म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटना आदर्श पाठ्यक्रम प्रसिद्ध करते. त्या पाठ्यक्रमांच्या प्रस्तावनेतच स्पष्ट केलेले असते की, शिक्षकाने डोळे झाकून गिरवावा असा हा तयार संच नाही. क्षमता आणि त्या सिद्ध करण्याचे निकष करारात पक्के असतात. पाठ्यक्रमातील तपशील, तास आणि साधने मात्र स्थानिक शिक्षकाने प्रशिक्षणार्थ्यांचे पूर्वज्ञान पाहून जुळवून घ्यावीत, अशी अपेक्षा असते. आपल्यालाही हीच रेषा आखता येईल. मुक्त क्लोरीन अचूक मोजता येणे हा गाभा; त्यासाठी रसायनशास्त्र किती सांगायचे हा स्थानिक निर्णय.

गाभा ठरवण्यासाठी एक जुनी पद्धत उपयोगी पडते. कॅनडात १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘डेकम’ नावाची पद्धत उदयास आली. तीत तज्ज्ञ प्राध्यापकांऐवजी ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या कुशल माणसांना साधारण दोन दिवस एकत्र बसवून त्यांच्याकडून कामांची यादी काढून घेतात आणि प्रत्येक काम एकेका पत्त्यावर (कार्डावर) लिहून भिंतीवर लावतात. आपल्या चारही देशांनी अशा भिंती वेगवेगळ्या तयार केल्या आणि मग शेजारी शेजारी ठेवल्या, तर चारही ठिकाणी आलेले पत्ते म्हणजे गाभा. एकाच देशात आलेले पत्ते टाकून देऊ नयेत. इतर तिघांना काय सुचले नव्हते, ते अनेकदा त्यांतूनच कळते. प्लास्टिकच्या नळाचा पत्ता अशाच एखाद्या भिंतीवरून आला असता.

एक सावधगिरीची सूचना. ‘स्थानिक रूपांतर’ या सबबीखाली अवघड निर्णय पुढे ढकलले जाण्याची प्रवृत्ती असते. ज्या मुद्द्यावर एकमत होत नाही तो स्थानिक ठरवून टाकला, की गाभ्यात फक्त सुरक्षेच्या सूचना आणि प्रस्तावना उरतात.

निळी शाई

सर्वांचे आभार. परीक्षेपासून सुरुवात करण्याची सूचना मी इतर समन्वयकांना कळवली. दोघांना ती पटली, तिसऱ्यांचे म्हणणे असे की त्यांच्या चमूने पाठ लिहायला सुरुवातही केली आहे. भाषा आणि हक्क यांविषयी कोणी लिहील का? सामाईक मसुदा इंग्रजीत होणार असून चारपैकी एकाही चमूची ती मातृभाषा नाही.

कुंपणावरचा

कोणाचीच मातृभाषा नसणे ही अडचण कमी आणि सोय अधिक आहे. सगळेच सारखे चाचपडतात. मात्र मसुद्याच्या भाषेला नियम हवेत. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी तयार झालेल्या सोप्या तांत्रिक इंग्रजीत कृती सांगणाऱ्या वाक्यात २० पेक्षा आणि वर्णन करणाऱ्या वाक्यात २५ पेक्षा अधिक शब्द नसावेत, असा दंडक आहे आणि मान्य शब्दांची यादी ठरलेली आहे. एवढी कडक शिस्त नको असेल तरी एका वस्तूला आरंभापासून शेवटपर्यंत एकच नाव, आणि एका वाक्यात एकच कृती, हे दोन नियम पाळले तरी भाषांतराचा निम्मा त्रास वाचतो. चित्रांच्या आत अक्षरे कोरून बसवू नयेत. आकडे घालावेत आणि त्यांचा खुलासा चित्राखाली द्यावा. भाषांतरात मजकूर लांबतो हे लक्षात घेऊन स्लाइडवर मोकळी जागा सोडावी.

क्लोरीनच्या छटा दाखवणारे चित्र केवळ रंगावर विसंबून ठेवू नका. लाल-हिरवा भेद न ओळखता येणाऱ्यांना गुलाबीच्या फिक्या छटांचाही त्रास होऊ शकतो. छटेशेजारी आकडा हवाच.

हक्कांचा विषय करार होण्यापूर्वीच मिटवावा. आपले काम इतरांना वापरू देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांची ४.० ही आवृत्ती २०१३ मध्ये आली. ती देशोदेशीच्या कायद्यांसाठी वेगवेगळी रूपे न काढता एकाच रूपात सर्वत्र लागू व्हावी अशी बेतलेली असल्यामुळे बहुराष्ट्रीय कामाला सोयीची आहे. पण परवाना निवडताना लोक केवळ उदारतेचा विचार करतात, जुळणीचा करत नाहीत. ‘समान वाटप’ परवान्याखालील पाठ आणि ‘अव्यावसायिक समान वाटप’ परवान्याखालील पाठ यांचा संकर करून तिसरे रूपांतर प्रसिद्ध करता येत नाही, कारण दोन्ही परवाने आपापलाच परवाना पुढे लावण्याची अट घालतात. ‘रूपांतर नको’ या अटीखाली घेतलेले चित्र किंवा उतारा तर भाषांतरित करून प्रसिद्धच करता येत नाही. भाषांतर हेही रूपांतरच होय. चार चमू चार ठिकाणांहून चित्रे उचलत असतील, तर प्रत्येक चित्राची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. शेवटी ती शोधत बसणे हे अत्यंत कंटाळवाणे काम आहे.

आणि ज्या चित्रीकरणाचा वर उल्लेख झाला, त्यात प्रशिक्षणार्थ्याचा चेहरा दिसणार. चारपैकी एकही देश युरोपीय संघातील असेल, तर तेथे मे २०१८ पासून लागू असलेल्या विदासंरक्षण (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या) नियमांचा विचार करावा लागेल. फक्त हात आणि बाटली चित्रित केली तर बराच प्रश्न सुटतो.

दुसरी घंटा

फक्त हातांचे चित्रीकरण ही उत्तम कल्पना आहे. परीक्षकांचे पूर्वग्रहही त्यामुळे कमी होतील.

पाटीपेन्सिल

प्रायोगिक वर्गाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. पहिला वर्ग बहुधा पाठ लिहिणाऱ्यांपैकीच कोणी तरी घेतो आणि तो चांगला होतो, कारण पाठात जे लिहायचे राहिले ते त्याच्या डोक्यात असते. म्हणून निदान एक वर्ग अशा प्रशिक्षकाने घ्यावा, ज्याचा लेखनाशी काडीचाही संबंध नव्हता, आणि लेखकाने मागच्या ओळीत तोंड मिटून बसावे. वर्गाच्या शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायांवर फारसे विसंबू नये. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मूल्यमापनाच्या ज्या चार पातळ्या मांडल्या, त्यांत प्रशिक्षणार्थ्यांची प्रतिक्रिया ही पहिली, शिक्षण दुसरे, कामावरील वर्तन तिसरे आणि परिणाम चौथा. अनेक आंतरराष्ट्रीय प्रकल्प पहिल्या पातळीवर थांबतात, कारण तिसरी मोजायला जाईपर्यंत प्रकल्पाची मुदत संपलेली असते. काही महिन्यांनी कामाच्या जागी जाऊन नोंदपत्रके तपासण्याची तरतूद आताच करून ठेवा.

निळी शाई

तिसऱ्या समन्वयकांशी सविस्तर बोलणे झाले. त्यांच्या चमूने लिहिलेला नमुन्यांचा पाठ आम्ही फेकून देणार नाही. परीक्षा तयार झाल्यावर त्या पाठाच्या आधारे ती देता येते का, हे पाहून तो सुधारायचा, असे ठरले. बाटली विसळण्याविषयी त्यांच्या मसुद्यात काय आहे ते मी मुद्दाम पाहिले. ‘विसळून घ्यावी’ एवढेच आहे. कार्यगट कामाच्या प्रकारांनुसार पुन्हा बांधण्याचा प्रस्ताव प्रायोजकांकडे पाठवला आहे.

एक प्रश्न उरतो. निधी संपल्यावर या पाठांची देखभाल कोणी करायची? चाचणीसंच बदलतात, गोळ्यांची जागा दुसरे अभिकर्मक (चाचणीची रसायने) घेतात, मार्गदर्शक तत्त्वे सुधारली जातात.

उलट टपाल

उत्तर करारातच असावे लागते. सर्व पाठ संपादन करता येतील अशा मूळ स्वरूपात सुपूर्द करण्याची अट घाला. केवळ पीडीएफ किंवा केवळ स्कॉर्म संच (ऑनलाइन शिक्षणप्रणालीत चढवायचा तयार संच) हाती आला, तर चित्राखालचा एक आकडा बदलण्यासाठीही मूळ निर्मात्याला शोधावे लागते. मुखपृष्ठावर आवृत्ती क्रमांक आणि पुढील फेरतपासणीची तारीख छापा. गाभ्यात बदल करण्याचा अधिकार एकाच संस्थेकडे द्या आणि तिने तो सोडला तर तो कोणाकडे जाईल, तेही नावानिशी लिहा. स्थानिक रूपांतरे करणाऱ्यांनी आपण कोणत्या आवृत्तीवरून रूपांतर केले, ते पहिल्या पानावर नोंदवावे. एखाद्या देशातील कर्मचारी जुन्या गोळ्यांचा रंगतक्ता घेऊन नव्या संचाने चाचणी करत आहेत, हे त्यामुळे निदान शोधून काढता येईल.